डग्लस एंगेलबार्ट

डग्लस कार्ल एंगेलबार्ट (जन्म : ३० जानेवारी १९२५, पोर्टलंड, ऑरेगन, मृत्यू : २ जुलै २०१३, ॲथर्टन, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन विद्युत अभियंते व संगणक संशोधक होते. संगणकाच्या माउसचे जनक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. मात्र माउस हा त्यांच्या कार्याचा एक लहानसा भाग होता. पडद्याचे विभाग पाडून एकाच वेळी अनेक मजकूर पाहणे, मजकुराला मजकूर जोडणे, दूरच्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावर काम करणे आणि पडद्यावर काय दिसावे व कसे दिसावे हे वापरकर्त्याने स्वतः आज्ञा देऊन ठरविणे, या कल्पना त्यांच्या गटाने १९६० च्या दशकात प्रत्यक्षात आणल्या. संगणकाच्या पडद्यावरील खिडक्यांची (विंडोंची) मांडणी लहान आज्ञावली लिहून, म्हणजेच स्क्रिप्टच्या साहाय्याने, आपोआप घडवून आणण्याची आजची पद्धत त्यांच्या विचारांच्या जवळची आहे. १९९७ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला होता.

जन्म आणि बालपण

एंगेलबार्ट यांचा जन्म ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात झाला. कार्ल आणि ग्लॅडिस एंगेलबार्ट यांच्या तीन अपत्यांपैकी ते मधले होत. ते नऊ वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांचे निधन झाले. जागतिक मंदीचा तो काळ होता. त्यांचे बालपण शहराबाहेर, जॉन्सन क्रीक या ओढ्याच्या परिसरात, ग्रामीण वातावरणात गेले. १९४२ मध्ये पोर्टलंडच्या फ्रँकलिन हायस्कूलमधून त्यांनी शालेय शिक्षण पूर्ण केले आणि ऑरेगन स्टेट कॉलेजात विद्युत अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला.

नौदल आणि रडारचा पडदा

दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांच्या शिक्षणात खंड पडला. अमेरिकी नौदलात त्यांनी रडार तंत्रज्ञ म्हणून प्रशिक्षण घेतले आणि त्यांची नेमणूक फिलिपिन्समध्ये झाली. त्यांचे जहाज सॅन फ्रान्सिस्को बंदरातून निघत असतानाच जपानने शरणागती पत्करल्याची वार्ता आली, त्यामुळे प्रत्यक्ष लढाईत भाग घेण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही.

या काळातील दोन अनुभवांनी त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरविली. पहिला अनुभव रडारचा होता. यंत्राकडे येणारे संकेत काचेच्या पडद्यावर चित्ररूपाने उमटतात आणि माणूस ते पाहून तत्काळ निर्णय घेऊ शकतो, हे त्यांनी जवळून पाहिले. दुसरा अनुभव वाचनाचा होता. लेइटे बेटावर खांबांवर उभारलेल्या एका झोपडीत रेडक्रॉसचे वाचनालय होते. तेथे व्हॅनेव्हर बुश यांचा १९४५ साली प्रसिद्ध झालेला एक लेख त्यांच्या वाचनात आला. मेमेक्स नावाच्या एका काल्पनिक यंत्राचे वर्णन त्या लेखात होते. टेबलाच्या आकाराच्या या यंत्रात सूक्ष्मफिती साठवायच्या आणि त्यांतील पाने टेबलावरील तिरप्या पडद्यांवर पाहायची, अशी ती योजना होती. परस्परसंबंध असलेली दोन पाने शेजारीशेजारी पाहून ती एकमेकांशी जोडता यावीत, ही त्यातील मुख्य कल्पना होय. एकापेक्षा अधिक पडद्यांपुढे बसून काम करणाऱ्या आजच्या माणसाचे चित्र बुश यांनी असे आधीच रेखाटले होते.

शिक्षण आणि जीवनध्येय

युद्धानंतर एंगेलबार्ट यांनी १९४८ मध्ये पदवी संपादन केली आणि कॅलिफोर्नियातील एम्स प्रयोगशाळेत ते नोकरीस लागले. ही प्रयोगशाळा पुढे नासामध्ये समाविष्ट झाली. डिसेंबर १९५० मध्ये त्यांचा बॅलार्ड फिश यांच्याशी विवाह ठरला. नोकरी स्थिर होती, संसारही सुरू होणार होता. परंतु उरलेल्या आयुष्यात साधायचे काय, याचे उत्तर आपल्यापाशी नाही, याची जाणीव त्यांना या वेळी झाली. जगापुढील प्रश्न अधिकाधिक गुंतागुंतीचे होत आहेत आणि ते सोडविण्याची माणसांची सामुदायिक क्षमता त्या मानाने वाढत नाही, या निष्कर्षाला ते आले. ही क्षमता वाढविण्यासाठी संगणकाचा उपयोग करायचा, हे त्यांनी आपले जीवनध्येय ठरविले. तोवर त्यांनी प्रत्यक्ष संगणक पाहिलेलाही नव्हता.

मे १९५१ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यानंतर त्यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश घेऊन १९५३ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९५५ मध्ये डॉक्टरेट मिळविली. तेथे सुमारे एक वर्ष अध्यापन केल्यानंतर १९५७ मध्ये ते मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत (एसआरआय) रुजू झाले. आरंभीची काही वर्षे त्यांनी ह्युइट क्रेन यांच्यासमवेत चुंबकीय घटकांवर संशोधन केले. या कामामुळे संस्थेत त्यांना प्रतिष्ठा लाभली आणि स्वतःच्या कल्पनेवर काम करण्यास वाव मिळाला.

१९६२ चा अहवाल

ऑक्टोबर १९६२ मध्ये त्यांनी मानवी बुद्धीच्या संवर्धनाची चौकट मांडणारा विस्तृत अहवाल सादर केला. अमेरिकी हवाई दलाच्या वैज्ञानिक संशोधन विभागाने त्यास अर्थसाहाय्य दिले होते. त्या काळी संगणक म्हणजे आकडेमोडीचे अवजड यंत्र समजले जाई. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा यंत्रचालकाच्या स्वाधीन करायचा आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी छापील उत्तर घ्यायचे, अशी रीत होती. माणसाने पडद्यासमोर बसून यंत्राशी प्रत्यक्ष देवघेव करावी, ही कल्पना बहुतेकांना चैनीची वाटत असे.

या अहवालाचा गाभा असा होता की माणसाची क्षमता केवळ उपकरणावर अवलंबून नसते. उपकरण, ते वापरण्याची भाषा, कामाची पद्धत आणि त्यासाठी घेतलेले शिक्षण हे चारही घटक एकत्र वाढले पाहिजेत. उत्तम यंत्र हाती आले, परंतु ते वापरण्याची रीत जुनीच राहिली, तर लाभ अल्पच होतो. या विचारावर ते आयुष्यभर ठाम राहिले. त्यांच्या यशाचे आणि पुढे वाट्याला आलेल्या उपेक्षेचे मूळही याच विचारात आढळते.

अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा संस्थेतील जे. सी. आर. लिकलायडर आणि नासातील रॉबर्ट टेलर यांनी या संशोधनास निधी मिळवून दिला. त्यातून संवर्धन संशोधन केंद्र उभे राहिले.

माउसचा शोध

पडद्यावरील नेमकी जागा दाखविण्यासाठी कोणते साधन सोयीचे, याची या गटाने पद्धतशीर तुलना केली. प्रकाशलेखणी, जॉयस्टिक, टेबलाखाली गुडघ्याने चालविण्याचे साधन आणि एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून उतरलेली एक लाकडी डबी अशी साधने त्यात होती. ही डबी १९६४ मध्ये बिल इंग्लिश यांनी तयार केली. तिच्या तळाशी एकमेकांशी काटकोनात बसविलेली दोन चाके होती. एक चाक आडवे अंतर मोजी, तर दुसरे उभे. मागून निघणाऱ्या तारेमुळे तिला माउस हे नाव पडले. चाचण्यांमध्ये हे साधन सरस ठरले.

माउसच्या पेटंटसाठी १९६७ मध्ये अर्ज करण्यात आला आणि १७ नोव्हेंबर १९७० रोजी ते मंजूर झाले. पेटंटमध्ये माउस हा शब्द शीर्षकात नाही. पडद्यासाठी क्ष-य स्थानदर्शक असे त्याचे वर्णन आहे. हे वर्णन अर्थपूर्ण आहे. पडद्यावरील प्रत्येक जागा आडव्या आणि उभ्या अंतराच्या दोन संख्यांनी सांगता येते, हे तत्त्व त्यामागे आहे. पेटंटचे हक्क संस्थेकडे होते, त्यामुळे एंगेलबार्ट यांना स्वामित्वशुल्क मिळाले नाही. माउस जगभर रूढ होत असतानाच, १९८७ मध्ये, पेटंटची मुदत संपली.

उजव्या हातात माउस आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा लहान कळसंच, अशी त्यांची कार्यपद्धती होती. या पाच कळा निरनिराळ्या प्रकारे एकत्र दाबून ३१ संकेत देता येत. तो कळसंच शिकण्यास वेळ लागे. पण शिकलेल्या माणसाला पडद्यावरून नजर न हटविता आज्ञा देता येत असत.

एनएलएस प्रणाली

केंद्राने विकसित केलेली संगणकप्रणाली एनएलएस या नावाने ओळखली जाते. तिची पडदाव्यवस्था आज नवलाची वाटेल. लहान आकाराच्या उच्च दर्जाच्या चित्रनलिकांवर संगणक अक्षरे उमटवी. प्रत्येक नलिकेसमोर दूरचित्रवाणीचा कॅमेरा असे आणि त्याने टिपलेले चित्र तारांद्वारे टेबलावरील मोठ्या पडद्यावर जाई. पडद्यावरील दृश्य मुळात कॅमेऱ्याचे असल्याने त्यात दुसऱ्या कॅमेऱ्याचे दृश्य मिसळणे शक्य होते. पडद्याच्या एका भागात मजकूर आणि दुसऱ्या भागात दूरच्या सहकाऱ्याचा चेहरा, अशी मांडणी यातूनच साध्य झाली. एकमेकींवर सरकणाऱ्या, झाकल्या जाणाऱ्या खिडक्या मात्र या प्रणालीत नव्हत्या. त्या पुढील दशकात आल्या.

मजकुराची रचना पायऱ्यापायऱ्यांची होती. वापरकर्ता केवळ वरच्या पायरीचे मुद्दे पाहू शके किंवा प्रत्येक परिच्छेदाची पहिलीच ओळ दाखविण्याची आज्ञा देऊ शके. विशिष्ट नमुन्यात बसणारी वाक्येच पडद्यावर यावीत, असा नियम लिहिण्याचीही सोय होती. प्रणालीच्या आज्ञा खास त्यासाठी बनविलेल्या भाषांमध्ये लिहिल्या जात, त्यामुळे आज्ञांची रचना बदलून पाहणे सोपे जाई. पडद्यावरील दृश्य यंत्राने नेमून दिलेले नसून ते वापरकर्त्याच्या नियमानुसार बदलणारे असावे, हे या प्रणालीचे वैशिष्ट्य होते.

१९६८ चे प्रात्यक्षिक

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक परिषदेत सुमारे १,००० तज्ज्ञांसमोर एंगेलबार्ट यांनी आपल्या प्रणालीचे प्रात्यक्षिक सादर केले. ते सुमारे ९० मिनिटे चालले. संगणक सभागृहात नव्हता. तो जवळपास ४८ किलोमीटर दूर मेन्लो पार्क येथे होता. सूक्ष्मलहरींच्या दुव्यांवरून चित्रे आणि दूरध्वनीच्या तारेवरून संकेत ये-जा करीत होते. पडद्यावरील दृश्य प्रचंड आकारात दाखविण्यासाठी आयडोफोर जातीचा प्रक्षेपक आणण्यात आला होता. तांत्रिक सूत्रे बिल इंग्लिश यांच्या हाती होती. मेन्लो पार्क येथे एक कॅमेरा स्टुअर्ट ब्रँड सांभाळीत होते.

आरंभी एंगेलबार्ट यांनी घरी न्यायच्या वाणसामानाची यादी घेतली. तिची वर्गवारी केली, क्रम बदलला, वाटेतील ठिकाणांच्या नकाशाशी ती जोडली. त्यानंतर बिल पॅक्स्टन मेन्लो पार्कहून पडद्यावर आले आणि दोघांनी एकाच मजकुरावर काम केले. या यंत्रणेतील एखादा दुवा तुटला असता, तर अनेक वर्षांच्या श्रमांची आणि केंद्राच्या निधीची प्रतिष्ठा पणास लागली असती. सर्व काही सुरळीत पार पडले. अखेरीस श्रोत्यांनी उभे राहून टाळ्यांचा गजर केला. संगणकाच्या इतिहासात हा प्रसंग सर्व प्रात्यक्षिकांची जननी या नावाने ओळखला जातो.

पुढील वर्षी, २९ ऑक्टोबर १९६९ रोजी, आर्पानेट या जाळ्यावरील पहिला संदेश लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून निघाला, तो एंगेलबार्ट यांच्या केंद्रातील संगणकाकडे. दोन अक्षरे पोहोचताच प्रणाली बंद पडली. काही वेळाने जोडणी यशस्वी झाली. आर्पानेटचे माहिती केंद्रही याच ठिकाणी सुरू झाले.

उतरती कळा

१९७० नंतर केंद्रास ओहोटी लागली. झेरॉक्स कंपनीने पालो आल्टो येथे नवे संशोधन केंद्र सुरू केले आणि बिल इंग्लिश यांच्यासह अनेक सहकारी तेथे गेले. दोन्ही ठिकाणच्या विचारांत मूलभूत फरक होता. एंगेलबार्ट यांना अनेकांनी मिळून वापरायचा सामाईक संगणक आणि परिश्रमाने आत्मसात करायची समर्थ भाषा हवी होती. तरुण संशोधकांना प्रत्येकाच्या टेबलावर स्वतंत्र संगणक आणि पाहताक्षणी उमगेल अशी मांडणी हवी होती. १९६८ च्या प्रात्यक्षिकास उपस्थित असलेले ॲलन के यांच्या झेरॉक्समधील गटाने एकमेकींवर येणाऱ्या खिडक्या विकसित केल्या.

खिडक्यांचे हे तंत्र पुढे १९८३ मध्ये ॲपलच्या लिसा आणि १९८४ मध्ये मॅकिंटॉश या संगणकांद्वारे बाजारात आले. मायक्रोसॉफ्टची विंडोज प्रणाली १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर न येता फरशीप्रमाणे शेजारीशेजारी बसत. माउस आणि खिडक्या जगाने स्वीकारल्या. कळसंच, सामाईक लेखन आणि आज्ञांची समर्थ भाषा मागे राहिली.

या काळात आर्पाचा निधी आटला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस संस्थेने एनएलएस प्रणाली टिमशेअर या कंपनीला विकली आणि एंगेलबार्टही तिकडे गेले. तेथे प्रणालीचे नाव ऑगमेंट झाले. कंपनीला व्यवसाय अपेक्षित होता, संशोधन नव्हे. याच सुमारास त्यांचे राहते घर आगीत भस्मसात झाले. १९८४ मध्ये मॅकडॉनेल डग्लस या विमाननिर्मिती कंपनीने टिमशेअर विकत घेतली. १९८६ मध्ये एंगेलबार्ट निवृत्त झाले.

उत्तरायुष्य आणि सन्मान

निवृत्तीनंतर त्यांनी कन्या क्रिस्टिना यांच्यासमवेत बूटस्ट्रॅप इन्स्टिट्यूट स्थापन करून आपल्या विचारांचा प्रसार सुरू ठेवला. माउस बनविणाऱ्या लॉजिटेक कंपनीने त्यांना कार्यालयासाठी जागा उपलब्ध करून दिली होती. १९९७ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार आणि ५ लाख डॉलरचा लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी बॅलार्ड यांचे निधन झाले. या दांपत्याला चार अपत्ये होती. डिसेंबर १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रात्यक्षिकाच्या तिसाव्या वर्षानिमित्त परिसंवाद झाला. २००० मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक प्रदान करण्यात आले. २००८ मध्ये त्यांनी कॅरेन ओ'लिअरी यांच्याशी विवाह केला. २ जुलै २०१३ रोजी मूत्रपिंड निकामी झाल्याने त्यांचे निधन झाले. मृत्युसमयी ते ८८ वर्षांचे होते.

वारसा

एकाच संगणकाला अनेक पडदे जोडण्याची सोय मॅकिंटॉश दोन या संगणकाने १९८७ मध्ये आणि विंडोज प्रणालीने १९९८ मध्ये सर्वसामान्यांना दिली. शेअर बाजारातील दलाल, वृत्तपत्राची पाने लावणारे कारागीर, अनुवादक आणि आज्ञावलीकार दोन किंवा तीन पडद्यांवर काम करतात. पडदे वाढले, तसा खिडक्या सावरण्याचा व्यापही वाढला. एक खिडकी डावीकडे, दुसरी उजवीकडे, तिसरी पूर्ण आकारात, ही मांडणी माउसने दररोज नव्याने करण्यात वेळ जातो. त्यावर उपाय म्हणून खिडक्यांना आज्ञा देणाऱ्या स्क्रिप्ट लिहिल्या जातात. १९९३ मधील ॲपलस्क्रिप्ट आणि विंडोजसाठी २००३ मध्ये आलेले ऑटोहॉटकी ही अशा स्क्रिप्ट लिहिण्यास उपयोगी पडणारी परिचित साधने आहेत.

अशा स्क्रिप्टचा पाया क्ष आणि य या दोन संख्याच असतात. विंडोजमध्ये मुख्य पडद्याचा वरचा डावा कोपरा शून्य धरला जातो. प्रत्येकी १,९२० बिंदू रुंदीचे दोन पडदे शेजारी असतील आणि डावा पडदा मुख्य असेल, तर उजवा पडदा १,९२० या संख्येपासून सुरू होतो. मुख्य पडदा उजवीकडचा असेल, तर डाव्या पडद्यावरील आडवे अंतर ऋण संख्येत, उणे १,९२० पासून, मोजले जाते. ही बाब ध्यानात न घेतल्यास खिडकी भलत्याच ठिकाणी जाते. बाहेरचा पडदा काढून घेतलेला असताना त्याच्याच जागेची आज्ञा दिली, तर खिडकी उघडी असूनही दिसेनाशी होऊ शकते. म्हणून काळजीपूर्वक लिहिलेली स्क्रिप्ट प्रथम किती पडदे जोडलेले आहेत व त्यांची लांबीरुंदी किती, हे तपासते. मगच खिडकी हलविते. या तपासणीची सवय लागली की हे काम सुरक्षित आणि अचूक होते.

महाराष्ट्रात एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांत विद्यार्थी आरंभीच माउस हाताळण्यास आणि खिडकी उघडण्या-मिटण्यास शिकतात. एंगेलबार्ट यांच्या दृष्टीने ही पहिली पायरी होती. पडद्याने दाखविले ते पाहणे आणि पडद्याने काय दाखवावे हे ठरविणे, यांतील अंतर शिक्षणाने भरून काढावे, असा त्यांचा आग्रह होता. एखादा विद्यार्थी चार ओळींची स्क्रिप्ट लिहून दोन पडद्यांवरील खिडक्या आपल्या कामाच्या सोयीने लावतो, तेव्हा तो एनएलएसमधील मागे पडलेल्या त्या अर्ध्या भागाचा उपयोग करीत असतो.